दोन हंडे पाणी, वीस मिनिटे

चहाचे पातेले कलंडते, रांगत्या बाळाच्या हातावर उकळता चहा सांडतो आणि पुढच्याच मिनिटाला घरातली चार माणसे चार दिशांना धावतात. एक जण टूथपेस्टची ट्यूब आणतो, दुसरी हळदीचा डबा उघडते, तिसऱ्याला शेजारच्या फ्रिजमधला बर्फ आठवतो आणि चौथा मोटारसायकलला किक मारतो. यातल्या कुणाचीही माया खोटी नसते. मात्र या धावपळीत कोपऱ्यातल्या भरलेल्या हंड्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्या क्षणी बाळाला नेमकी त्याच हंड्याची गरज असते.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव असो, शेजारचे जांब समर्थ असो की मराठवाड्यातले दुसरे कुठलेही गाव, भाजण्याचे बहुतेक अपघात असेच घरात, चुलीजवळ किंवा न्हाणीत घडतात. गावापासून जिल्ह्याचे ठिकाण दूर, छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय त्याहून दूर. मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत काही तास सहज जातात. जखम किती खोल जाणार, याचा बराचसा निकाल त्याआधी घरातच लागलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजल्यामुळे दगावतात. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. जे वाचतात त्यांतल्या अनेकांची बोटे आखडतात, मान किंवा कोपर सरळ होत नाही, चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. यातले काही नुकसान टाळण्याचे साधन प्रत्येक घरात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. ते साधन म्हणजे साधे, स्वच्छ, गार पाणी.

विस्तव दूर झाला तरी भाजणे थांबत नाही

गावाच्या नावातच कुंभार असलेल्यांना भट्टीची गोष्ट वेगळी सांगायला नको. कच्चे मडके पाण्यात टाकले तर त्याचा पुन्हा चिखल होतो. भट्टीतून निघालेल्या मडक्याचा कधीच होत नाही. त्वचेतल्या प्रथिनांचेही तसेच आहे. ठरावीक तापमानापुढे ती शिजतात आणि शिजलेली प्रथिने पूर्ववत होत नाहीत. ६० अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाची त्वचासुद्धा पाचेक सेकंदांत खोलवर पोळू शकते. नुकताच गाळलेला चहा याहून कितीतरी गरम असतो. लहान मुलांची त्वचा पातळ असते, त्यामुळे त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो.

चटका बसल्यावर हात झटकन मागे घेतला, म्हणजे संकट टळले असे वाटते. प्रत्यक्षात त्वचेत शिरलेली उष्णता लगेच निघून जात नाही. भट्टी विझली तरी आतली मडकी बराच वेळ तापलेली राहतात, तशी ती खालच्या थरांत मुरत जाते. वरच्या थरापुरती असलेली जखम त्यामुळे पुढच्या काही मिनिटांत आणखी खोल जाऊ शकते. वरच्या थराची जखम आठवडा-दोन आठवड्यांत भरून येते, बहुधा डागही राहत नाही. खोलवर गेलेल्या जखमेवर मात्र मांडीची किंवा अंगावरच्या दुसऱ्या भागाची त्वचा काढून लावावी लागते. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर स्वतःची त्वचाही पुरत नाही. त्यासाठीच मरणोत्तर दान केलेली त्वचा साठवणाऱ्या त्वचापेढ्या सुरू झाल्या. मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पेढी ही देशातल्या पहिल्या पेढ्यांपैकी एक.

गार पाण्याची धार आत मुरणारी उष्णता बाहेर खेचून घेते. वेदना कमी होते, सूज कमी येते आणि जखम खोल जाण्याचे प्रमाण घटते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात भाजलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या जखमेवर २० मिनिटे वाहते गार पाणी सोडले होते, त्यांच्यात त्वचारोपणाची गरज पडण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक कमी आढळली. दोन-तीन मिनिटे पाणी ओतून थांबणे पुरेसे नाही. पूर्ण वीस मिनिटे हवीत, तीही घड्याळ लावून. अपघातानंतर लगेच पाणी मिळाले तर उत्तमच. पण आधी काहीच केले नसेल तर तीन तासांपर्यंतही पाणी ओतण्याचा उपयोग होतो.

टँकरच्या गावात वीस मिनिटे पाणी कुठून आणायचे?

नळाखाली वीस मिनिटे हात धरा, हा सल्ला शहरात सोपा आहे. जालना जिल्ह्याने २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत, आणि त्यानंतरचे उन्हाळेही सगळे सुखाचे गेलेले नाहीत. ज्या घरात हंडा-हंडा मोजून पाणी भरले जाते, तिथे बाईचा हात पाण्याकडे सहज जात नाही. म्हणून हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.

तांब्या साधारण एक लिटरचा धरला आणि मिनिटाला दीड तांब्या अशी बारीक, सलग धार सोडली, तर वीस मिनिटांना ३० लिटर पाणी लागते. म्हणजे घरातले मध्यम आकाराचे दोन हंडे. पाणी अगदीच कमी असेल तर भाजलेला हात स्वच्छ परातीवर किंवा टोपावर धरावा आणि खाली जमलेले पाणी तांब्याने पुन्हा ओतावे. ते कोमट झाले की बदलावे, मळले तर टाकून द्यावे. तेवढेही शक्य नसेल तर स्वच्छ सुती कापड पाण्यात भिजवून जखमेवर ठेवावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी ते पुन्हा गार पाण्यात बुडवून घ्यावे. एकदा ठेवलेले ओले फडके तसेच राहू दिले तर ते अंगाच्या उष्णतेने तापते आणि त्याचा उपयोग संपतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारी छतावरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतले आणि नळीतले पाणी हात पोळेल इतके तापलेले असते. अशा नळाखाली हात धरण्याआधी पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहावे. त्या वेळी खरा आधार माठाचा आणि रांजणाचा. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार असते, पण बर्फासारखे थिजवणारे नसते. भाजलेल्या त्वचेला असेच पाणी मानवते.

बर्फ मात्र लावू नये. त्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला होणारा रक्तपुरवठा तुटतो आणि आधीच दुखावलेल्या पेशी आणखी मरतात. फ्रिजमधल्या बर्फगार पाण्याचीही गरज नाही.

पाणी ओततानाच करायची कामे

भाजलेल्या भागावरच्या बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, करदोटा, घड्याळ हे सारे ताबडतोब काढावे. थोड्या वेळाने सूज चढते, मग हेच दागिने बोटाला किंवा हाताला फास लावतात आणि पुढे रक्तपुरवठा बंद पडतो. गरम पाण्याने किंवा तेलाने भिजलेले कपडेही लगेच उतरवावेत, कारण ते उष्णता धरून ठेवतात. कापड त्वचेला चिकटले असेल तर ओढू नये. त्याच्या कडेने कात्रीने कापून घ्यावे आणि चिकटलेला तुकडा तसाच ठेवून वरून पाणी ओतावे.

लहान बाळ असेल किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल, तर पाणी फक्त जखमेवर पडेल असे पाहावे आणि बाकीचे अंग कोरड्या चादरीत गुंडाळावे. बाळ कुडकुडू लागले, निळसर दिसू लागले किंवा सुस्तावले तर पाणी थांबवून त्याला ऊब द्यावी. चेहरा भाजला असेल तर माणसाला आडवे न करता बसते ठेवावे, म्हणजे सूज वाढून श्वास कोंडण्याचा धोका कमी होतो.

टूथपेस्ट, हळद, शाई आणि बटाटा

घरोघरी भाजल्यावरचे औषध वेगळे. कुणी टूथपेस्ट लावतो, कुणी तूप किंवा खोबरेल तेल, कुणी हळद, शाई, कॉफीची पूड, चुना, माती, तर कुणी शेणही. तेला-तुपाचा थर उष्णता आतच कोंडतो. टूथपेस्ट लावल्यावर गार वाटते, पण ती वाळते, जखमेला चिकटते आणि रुग्णालयात खरवडून काढावी लागते; त्या वेळी रुग्णाचे हाल होतात. हळद, शाई आणि जांभळ्या औषधाने जखमेचा मूळ रंग झाकला जातो, त्यामुळे ती किती खोल आहे हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. माती आणि शेणातून धनुर्वाताचे जंतू थेट जखमेत जाऊ शकतात.

बटाट्याचा कीस लावण्याची चालही बरीच जुनी. तिच्या समर्थनार्थ कधी कधी सांगितले जाते की डॉक्टरसुद्धा बटाटा वापरतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मुंबईतील प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात बटाट्याच्या उकडलेल्या सालींची पट्टी तयार केली आणि भाजलेल्या रुग्णांवर ती वापरली. पुढे शीव रुग्णालयात डॉ. गोरे यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा अभ्यास केला. महागडी ड्रेसिंग परवडत नाहीत अशा रुग्णांसाठी केलेले हे मोलाचे काम. पण या साली आणि पाने निर्जंतुक केलेली होती आणि जखम धुऊन, तपासून मगच त्यांवर ठेवली जात होती. रुग्णालयातल्या उपचारात त्यांना स्थान होते. घरातल्या विळीवर किसलेला कच्चा बटाटा आणि ती पट्टी यांचा एकमेकांशी संबंध नाही.

फोड आले तर फोडू नयेत. फोडावरची त्वचा हेच जखमेचे सगळ्यात स्वच्छ झाकण असते. वीस मिनिटांनंतर धुऊन उन्हात वाळवलेले सुती कापड जखमेवर सैलसर ठेवावे. स्वयंपाकघरात अन्न झाकायची पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म असेल तर तीही चालते. ती चिकटत नाही आणि तिच्यातून जखम दिसते. मात्र ती हातापायाभोवती आवळून गुंडाळू नये, नुसती वर पसरावी. सुटा कापूस कधीही लावू नये, त्याचे तंतू जखमेत रुततात.

दवाखान्यात कधी न्यायचे?

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, हा त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का असतो. लहान मुलाची जखम त्याच्या तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. चेहरा, हात, पाऊल, सांधे किंवा जननेंद्रियाचा भाग भाजला असेल, हाताला किंवा पायाला वळसा घालून जखम झाली असेल, विजेचा किंवा रसायनाचा अपघात असेल, बंद खोलीत धूर नाकातोंडात गेला असेल, तर जखम लहान दिसली तरी थांबू नये. तान्ही मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेही यांच्याबाबतीत जास्त दक्षता घ्यावी.

दुखत नाही म्हणजे जखम किरकोळ आहे, हा समज घातक ठरतो. जखम पांढरट, तपकिरी किंवा चामड्यासारखी दिसत असेल आणि तिथे वेदना नसेल, तर वेदना सांगणाऱ्या नसाच जळाल्या आहेत असा त्याचा अर्थ. लहान मुलांच्या अंगाचा सुमारे दहा टक्के आणि मोठ्यांच्या पंधरा टक्के भाग भाजला की शरीरातले पाणी वेगाने कमी होते आणि शिरेतून सलाइन द्यावे लागते.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे. गाडी येईपर्यंतचा वेळ पाणी ओतण्यासाठी वापरावा. गाडी दारात उभी असेल आणि श्वासाला अडथळा असेल तर मात्र निघावे, आणि वाटेत ओल्या कापडाने गारवा देत राहावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरच्या उपचारांचा समावेश आहे, म्हणून निघताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्यावे.

घरातली सून किंवा लेक भाजली की आणखी एक अडथळा उभा राहतो. पोलिसांत नोंद होईल, लोक काय म्हणतील, या भीतीने तिला रात्रभर घरातच ठेवले जाते. ती नोंद हा रुग्णालयाच्या कामाचा भाग आहे. ती टाळण्यासाठी घालवलेल्या तासांची किंमत बाईच्या जिवाने चुकवली जाते.

आग, वीज आणि चुन्याची पुडी

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. पळताना वारा लागून ज्वाळा वाढतात आणि चेहऱ्याकडे जातात. जागीच थांबावे, आडवे व्हावे, लोळावे. जवळच्यांनी जाड सुती चादर, गोधडी किंवा घोंगडी टाकून आग विझवावी आणि लगेच पाणी ओतावे. नायलॉन-पॉलिस्टरची साडी वितळून अंगाला चिकटते, म्हणून चुलीसमोर सुती कपडेच बरे. घरात गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, चालू दिवा बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

शेतातल्या मोटारीचा झटका बसलेल्या माणसाला वीजपुरवठा बंद केल्याशिवाय हात लावू नये. मदतीला धावलेला माणूसही त्यात सापडतो. विजेची जखम त्वचेवर रुपयाएवढी दिसते, पण प्रवाह आतले स्नायू जाळत गेलेला असतो आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. म्हणून झटक्यानंतर माणूस उठून चालू लागला तरी त्याची तपासणी हवीच.

तंबाखूसोबतची चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना उडतो. चुना डोळ्यात खोल शिरत जातो आणि दृष्टी घालवू शकतो. पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मग थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तूप, मध, दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

अपघात टाळणे आपल्या हाती

न्हाणीतल्या बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम ओतावे. हा क्रम उलटला की रांगते मूल उकळत्या बादलीत हात घालते. पातेल्याचे कान आणि तव्याची मूठ चुलीच्या आतल्या बाजूला वळवावी. मांडीवर मूल घेऊन चहा पिऊ नये. हीटरच्या रॉडचे बटण बंद करून मगच पाण्याला हात लावावा.

गावात हरिनाम सप्ताह असो की लग्न, महाप्रसादाच्या कढया जमिनीलगतच्या भट्टीवर चढतात आणि मुले त्यांच्याभोवती खेळतात. चार बांबू रोवून दोरी बांधली की ती जागा मुलांना बंद होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे या भागात ऊस आहे, आणि उसाबरोबर ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्याही. तीन दगडांची चूल कोपीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडावी. गुऱ्हाळातल्या कढईचा रस पाण्याच्या उकळबिंदूपेक्षाही जास्त तापतो आणि अंगाला चिकटून बसतो. तिथे पाण्याने भरलेली टाकी हाताशी असलीच पाहिजे.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे म्हणतात. पोळल्यानंतर आलेले हे शहाणपण आधीच आले तर जास्त कामाचे. त्यासाठी घरातल्या लहानथोरांनी एकदा बसून ठरवावे, की कुणाला भाजले तर पहिला हात हळदीच्या डब्याकडे न जाता तांब्याकडे जाईल. शाळेत जाणारी मुले हे सगळ्यात लवकर शिकतात आणि आजीलाही शिकवतात. पाणीटंचाईच्या दिवसांत रात्री झोपण्यापूर्वी दोन हंडे भरून झाकून ठेवावेत. रोज सकाळी ते पाणी वापरात घ्यावे आणि रात्री पुन्हा भरावे. त्यांची गरज पडली नाही तर उत्तम. पडली, तर मात्र पूर्ण वीस मिनिटे मोजावीत, आणि मगच मोटारसायकलला किक मारावी.